टंकी तिराह्यावरचा कट

"नमस्ते," हर्षा माइकमध्ये म्हणाली, "अपना शुभ नाम और पता बताइए, अंकलजी."

लक्ष्मणराव रंगारी दुसरा माइक हातात धरून उभे होते. आत्ताच, श्वासभर आधी, त्यांनी त्याच माइकमध्ये खणखणीत 'जय भीम' म्हटलं होतं. त्याला उत्तर म्हणून हे आलं. मंचावर टेबलामागे बसलेली, निळ्या कुर्त्यातली, गळ्यात कंपनीची फीत अडकवलेली ही बाई त्यांची पोटची मुलगी होती आणि ती भर सभेत त्यांना नाव विचारत होती. 'अंकलजी' एक वेळ पचलं असतं. जबलपुरात भाजीवालाही अंकलजी म्हणतो, बसचा कंडक्टरही म्हणतो आणि खाली उतरवूनही देतो. पण 'नमस्ते' पचेना. सभागृहातले पंखे उगाचच मोठ्याने फिरू लागल्यासारखे वाटले. मागच्या रांगेत वस्तीची माणसं बसली होती. कुणीतरी खोकलं. ते खोकणं तुळशीरामचं होतं हे लक्ष्मणरावांनी मागे न बघता ओळखलं.

खरं तर प्रसंग काही मोठा नव्हता. अधारतालच्या सामुदायिक भवनात जनसुनवाई चालू होती. शहरातून खमरियाच्या दारूगोळा कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कोंडणारे चौक आणि तिराहे, म्हणजे तिठे, सुधारायचे होते आणि त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं. लोकांचं ऐकून घेण्याची हुक्की सरकारला अधूनमधून येते, तेव्हा समोसे असतात. आजही होते. आराखडा करायचं काम दिल्लीच्या एका सल्लागार कंपनीला मिळालं होतं आणि कंपनीने त्यासाठी जी मुलगी पाठवली ती याच रस्त्याच्या कडेला लहानाची मोठी झाली होती. कंपनीला हे ठाऊक नव्हतं. वस्तीला ठाऊक होतं, कारण लक्ष्मणरावांनी गेले दोन आठवडे दुसरं काही सांगितलंच नव्हतं. पानाच्या टपरीवर, विहारात, पेन्शनच्या रांगेत, सगळीकडे. "आमची हर्षा येऊन राहिली. रस्ता तीच करणार." जणू ती डोक्यावरून डांबर वाहणार होती.

पडद्यावर तो रस्ता अजून दिसत होता. वरून काढलेलं चित्र, घरं काड्यापेट्यांएवढी, आणि मधोमध दुभाजकाची पांढरी रेघ. दुभाजकात जागोजाग ज्या वाटा सोडलेल्या होत्या, ज्यांना गावभर 'कट' म्हणतात, त्यांवर एकामागून एक लाल फुल्या मारलेल्या होत्या. कटमुळे गाड्या आडव्या घुसतात, आडव्या घुसल्या की कोंडतात, म्हणून कट बंद. पेट्रोल पंपाचा बंद, दवाखान्याचा बंद, श्यामसुंदरच्या लोखंडाच्या दुकानासमोरचा बंद. एकच वाट उघडी होती. टंकी तिराहा. पाण्याच्या जुन्या टाकीजवळ पांढरी रेघ थांबत होती, थोडी जागा सोडून पुन्हा सुरू होत होती आणि त्या जागेत पायी जाणाऱ्यांसाठी हिरवे पट्टे काढले होते. हर्षाने तिथे लाल ठिपका फिरवून अगदी कोरड्या आवाजात सांगितलं होतं, "यहाँ बुज़ुर्ग पैदल यात्री ज़्यादा हैं." आणि लगेच पुढच्या चौकाकडे गेली होती.

तो बुज़ुर्ग पैदल यात्री म्हणजे मालनबाई. लक्ष्मणरावांची बायको, हर्षाची आई. घर रस्त्याच्या या बाजूला आणि बुद्धविहार त्या बाजूला, मध्ये तो कट. कमरेचं हाड बसवल्यापासून मालनबाई काठी टेकत टेकत तेवढंच अंतर जाऊ शकत होत्या, त्याच्या पुढे एक पाऊलही नाही. कट बंद झाला तर विहारात जायला सिग्नलपर्यंत जाऊन परत उलटं यावं लागलं असतं, आणि ते त्यांच्याच्याने या जन्मी होणार नव्हतं. घरात त्या कोण होत्या? "अवो" म्हटलं की ओ देणारी बाई. पण विहारात पांढरं लुगडं नेसून त्या शिरल्या की बाया सरकून जागा देत. वंदना त्या सांगायच्या, बाकीच्या मागून म्हणायच्या. तरण्या पोरींना गाथा येत नव्हत्या, मराठीसुद्धा धड येत नव्हतं, त्या मोबाइलवर हिंदीत लिहून घ्यायच्या आणि मालनबाई शिकवायच्या. संध्याकाळी परतताना त्यांचा चेहरा असा असे, की लक्ष्मणरावांना कधी कधी त्याचा राग येई. माझ्याबरोबर इतकी वर्षं काढली तेव्हा हा चेहरा कुठे होता, असं काहीसं.

आणि काल संध्याकाळी हर्षाचा फोन आला होता. ती स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरली होती. सभा झाली की घरी जेवायला येणार होती. आधी आईशी कोथिंबिरीच्या सांबारवडीबद्दल बोलली, मग म्हणाली, बाबांना दे. "बाबा, उद्या तुम्ही या, पण बोलू नका. आणि आपण ओळखीचे आहोत असं दाखवू नका. प्लीज. बाद में समझाती हूँ."

"काहून? लाज वाटते काय बापाची?"

"तसं नाही हो बाबा. कामाचं आहे. समजून घ्या न."

त्यांनी फोन मालनबाईंच्या हातात दिला होता. समजून घ्या. आयुष्यभर हेच केलं, असं त्यांना वाटलं. फोरमनला समजून घेतलं, युनियनला समजून घेतलं, जावयाच्या घरच्यांना समजून घेतलं, ज्यांनी लग्नाच्या पत्रिकेत लक्ष्मणरावांचं नाव इतक्या बारीक अक्षरात छापलं होतं की पाहुण्यांनी चष्मे काढले. मनुष्य किती समजून घेईल? सकाळी त्यांनी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घातला आणि त्यावर खिशाला निळी फीत लावली, जी ते एरवी चौदा एप्रिललाच लावत. मालनबाई म्हणाल्या, "आज कोणाचं लग्न हाय?" ते म्हणाले, "तुझ्या पोरीचा दरबार हाय."

पण सभागृहात पडदा उजळला, सगळ्या फुल्या दिसल्या, टंकी तिराह्याची मोकळी जागा दिसली, आणि लक्ष्मणरावांना एकदम सगळं समजलं. अगदी स्वच्छ समजलं, त्यात कुठे किंतु नव्हता. पोरीने आईसाठी वाट राखली होती. गुपचूप, इतर कामांत मिसळून, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने राखली होती. ती वाट तिच्या आईची आहे हे कळलं असतं तर ती एक दिवसही टिकली नसती. म्हणून ओळख नको होती. लाज नव्हती, हुशारी होती. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी नव्हे, उलट पोर डोळे उघडे ठेवून पीत होती आणि बाकीच्यांचे डोळे मिटवत होती. त्यांना हसू आलं. छाती भरून आली. आता नुसतं बसून राहायचं होतं. समोसा खायचा आणि घरी जायचं. एवढं सोपं काम त्यांच्या वाट्याला आयुष्यात कधी आलं नव्हतं.

पण तुळशीरामला कुठे काय माहीत. तो कोपराने ढोसून राहिला होता. "जा न भाऊ. पोरीनं आपला कट ठेवला. वस्तीतर्फे दोन शब्द बोल, चांगलं दिसते." पलीकडून नंदाबाईही म्हणाल्या, "जा, जा." आणि हर्षाने विचारलं, और कोई बोलना चाहेंगे? लक्ष्मणरावांचा हात वर गेला आणि ते उठून पुढे आले. त्यांनी ठरवलं होतं की चार लोकांसारखं बोलायचं, ओळख द्यायची नाही, वस्ती की तरफ से धन्यवाद म्हणायचं आणि बसायचं. हर्षाने त्यांना पाहिलं. तिचा चेहरा किंचित ताठ झाला, पण तिने माइक त्यांच्याकडे पाठवला. आणि माइक हातात आला तसं तोंडातून निघालं, जय भीम. रिटायर झाल्यापासून त्यांनी माइक फक्त विहारात धरला होता, आणि तिथे दुसरी सुरुवात कुणी करत नाही. त्यात डाव नव्हता. तोंडाची सवय होती. आणि त्यावर तिने उत्तर दिलं, नमस्ते.

आता ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांना सायकल दिसत होती. काळी, दांड्यावर टॉवेल गुंडाळलेली. दांड्यावर फ्रॉकातली हर्षा, दोन वेण्या, हातात डबा. सकाळचा भोंगा व्हायचा असे. ते कारखान्याकडे निघत आणि वाटेत तिला शाळेत सोडत. टंकी तिराह्यापर्यंत सगळे आपले. गल्लीत भेटेल त्याला ती दांड्यावरून ओरडायची, जय भीम काका, जय भीम मावशी, आणि लोक हसून हात वर करायचे. एकदा तिराहा ओलांडल्यावर समोरून त्यांच्या सेक्शनचे साहेब, चार्जमन, आले, स्कूटरवर. हर्षा त्यांनाही तसंच ओरडली. स्कूटर थांबली. चार्जमननी आधी तिच्याकडे पाहिलं, मग लक्ष्मणरावांकडे पाहिलं, मग नुसतं "अच्छा" म्हटलं आणि गेले. त्या 'अच्छा'नंतर लक्ष्मणरावांना बारूद भरायच्या शेडमध्ये टाकलं गेलं, जिथे कुणाला जायचं नसे. त्याचा आणि याचा संबंध होता की नव्हता, कोण सांगणार. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तिराह्यावर सायकल थांबवली, एक पाय जमिनीवर टेकवला आणि पोरीला समजावलं. "हे बघ बेटा. टंकीच्या अलीकडं जय भीम. टंकीच्या पलीकडं नमस्ते. समजलं?" ती म्हणाली, "काहून?" ते म्हणाले, "पलीकडं लोकं दुसरे हायेत." ती थोडा वेळ टाकीकडे बघत राहिली. मग तिने त्याचा खेळच केला. रोज टंकी आली की दांड्यावर बसल्या बसल्या घंटी वाजवायची आणि म्हणायची, बदल गया. परत येताना पुन्हा घंटी. ती कधी चुकली नाही. लक्ष्मणराव मात्र दोनदा चुकले आणि तिने त्यांच्या हातावर चापट मारली.

म्हणजे ती आज चुकली नव्हती. ती टंकीच्या पलीकडे बसली होती आणि तिने बरोबर तेच म्हटलं जे तिला शिकवलं होतं. हेही लक्ष्मणरावांना समजत होतं. समजण्याची त्यांना आज काही कमतरताच नव्हती. त्यांना हेही समजत होतं की आता काय म्हणायचं. रंगारी म्हणायची गरज नव्हती, लक्ष्मणरावही नको. कुठलंही नाव चाललं असतं. 'नथ्थू' म्हटलं असतं तरी मागची वस्ती गप्प बसली असती, मनातल्या मनात हसली असती, आणि पोरगी संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या गळ्यात पडली असती. त्यांना ते दिसतसुद्धा होतं: दारात चपला काढणारी हर्षा, तिचं "जय भीम बाबा", स्वयंपाकघरातून मालनबाईंचा आवाज. सगळं तयार होतं. फक्त एक खोटं नाव हवं होतं. पण आतून काहीतरी वर येत होतं आणि ते शहाणपणाचं ऐकत नव्हतं. इतकी वर्षं खाली मान घालून नमस्ते साब, नमस्ते साब केलं, ते याचसाठी ना, की ही एक तरी खुर्चीवर बसावी आणि तिला ते करावं लागू नये? मग खुर्ची मिळाली आणि पहिलं नमस्ते कुणाला? बापाला? तिने नुसते डोळे मिचकावले असते तरी चाललं असतं. नुसती ओठांची एक कड हलवली असती. पण तिचा चेहरा कोरी पाटी होता, त्यावर त्यांच्यासाठी काहीही लिहिलेलं नव्हतं. आणि मागे वस्ती बघत होती. दोन आठवडे ऐकलेल्या बढाया एकेकाच्या तोंडावर आता दिसत असणार. घ्या, लक्ष्मणरावाची पोरगी. बापाला नाव विचारते.

"अंकलजी, नाम?" हर्षा पुन्हा म्हणाली. या वेळी आवाजात काहीतरी होतं, आर्जवासारखं. त्यांनी ते ऐकलं. ऐकून बाजूला ठेवलं.

"लक्ष्मणराव रंगारी," ते म्हणाले. "टंकी तिराहा, वस्ती में घर है. खमरिया से रिटायर हूँ." मग माइक तोंडाजवळ आणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "और ये जो मैडम बैठी हैं, मैं इनका बाप हूँ."

मंचावर हर्षाच्या शेजारी तिचे दिल्लीचे साहेब बसले होते, पांढऱ्या केसांचे, इतका वेळ मोबाइलमध्ये बघणारे. त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "हर्षा, सही कह रहे हैं?" माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. आणि त्यामागून तिचंही उत्तर ऐकू आलं.

"जी सर. मेरे पिताजी हैं."

त्या क्षणी लक्ष्मणरावांना जे वाटलं ते सुख होतं. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. गरम पाणी अंगावरून उतरावं तसं ते डोक्यापासून खाली उतरलं. मेरे पिताजी हैं. माइकवर, लाउडस्पीकरमधून, साहेबांसमोर, व्यापाऱ्यांसमोर, तुळशीरामसमोर. ते मागे वळून वस्तीकडे बघायला निघाले होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतून श्यामसुंदर उठला. लोखंडाच्या दुकानाचा मालक, गोरागोमटा, हसतमुख माणूस. त्याने माइक मागितलाही नाही.

"अच्छा! तो ये कट घर का है!" तो म्हणाला. "हमारा बंद, दवाखाने का बंद, और मैडम के पिताजी का खुला! वाह, क्या जनसुनवाई है!"

हशा झाला. आधी पुढच्या रांगांत, मग सगळीकडे. काही हसणारे श्यामसुंदरचे होते, काही नुसते समोशाला आलेले होते. एकजण ओरडला, घर का दरवाज़ा भी सीधा रोड पे निकाल दो. दुसऱ्याने खालच्या आवाजात आणखी काही म्हटलं, ज्यात 'जय भीम' होतं, आणि त्याच्या बाजूचे फार वेळ हसत राहिले. लक्ष्मणराव माइक धरून उभेच होते. त्यांनी म्हणून बघितलं की तिथे वयस्क बाया जातात, विहार आहे, पण त्यांच्या हातातला माइक कुणीतरी बंद केला होता. हर्षाने मात्र मान खाली घातली नाही. ती पडद्याकडे बघत होती. साहेबांनी तिच्यापुढून लॅपटॉप ओढून घेतला, दोन मिनिटं काहीतरी खुडबुड केली, आणि पडद्यावर टंकी तिराह्याजवळची पांढरी रेघ जोडली गेली. हिरवे पट्टे गेले. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ झाला, बघायला छान. मग साहेबांनी हर्षाला काही सांगितलं आणि ती उठून भिंतीशी असलेल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. पुढची सभा साहेबांनीच चालवली.

बाहेर ई-रिक्षा उभी होती. तुळशीराम पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, नंदाबाई आणि दुसऱ्या दोघी मागे बसल्या, आणि लक्ष्मणरावांसाठी जागा उरली नाही. खरं तर सरकल्या असत्या तर उरली असती. नंदाबाई म्हणाल्या, "एवढं काहून सांगाचं होतं, भाऊ? कोणाले माहीत नव्हतं?" आणि रिक्षा गेली. ते पायी आले. टंकी तिराह्यावर क्षणभर थांबले. कटमधून दोन मोटरसायकली आडव्या घुसल्या, एक टेम्पो अडला, सगळे कर्णे वाजवू लागले. कोंडतं खरं इथे, त्यांना वाटलं. पोरीचे साहेब काही चुकले नव्हते.

घरात तळणाचा वास होता. मालनबाई पाट टाकून बसल्या होत्या, दोन्ही हात बेसनाने माखलेले, फोन बाजूला ताटलीला टेकवून ठेवलेला. फोनवर हर्षा होती. स्पीकर चालू होता, कारण मालनबाईंना एरवी ऐकू कमी येई.

"मी नाही येऊ शकत आई. काम निघालं. आजच्याच गाडीने जाते."

"अवो मा! एवढ्या वड्या केल्या मी. बरं, कटाचं काय झालं?"

"नाही राहिला, आई."

"काहून? तुझे बाबा तर गेले होते न बोलाले?"

"हो. बोलले ते."

"काय बोलले?"

"काही नाही. नाव विचारलं होतं, ते सांगितलं." मग ती म्हणाली, "आई, तू काठीशिवाय निघू नको. ठेवते. जय भीम."

"जय भीम, बेटा. थांब, आलेच हे. बोल यांच्याशी."

लक्ष्मणरावांनी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला. जे नेहमी बोलायचे तेच बोलले. "जय भीम," ते म्हणाले.

"नमस्ते," हर्षा म्हणाली. अगदी नीट, स्पष्ट, सकाळच्याच आवाजात. आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" मालनबाईंनी विचारलं.

"काही नाही. जय भीम म्हणाली."

मालनबाईंनी मान डोलावली. एक वडी कढईतून काढून झाऱ्यावर निथळत ठेवली. "कट गेला त गेला," त्या म्हणाल्या. "पौर्णिमेले तुम्ही मले हात धरून सिग्नलवरून न्या. हळूहळू जाऊ. बसत बसत. न्याल न?"

"नेईन," लक्ष्मणराव म्हणाले. त्यांना माहीत होतं की ते नेणार नाहीत. दोन पावलांवर त्यांना कंटाळा येईल आणि ते म्हणतील, घरीच म्हण न वंदना, बुद्ध काय तिथंच बसून राहिले? आणि ती घरीच म्हणेल, एकटी, भिंतीकडे तोंड करून, आणि मागून म्हणणारं कुणी नसेल. त्यांना स्वतःला वाईट वाटेल म्हणून ते वाट बघत होते, पण आत अजून ते गरम पाणीच उतरत होतं. मेरे पिताजी हैं. तिला म्हणावंच लागलं.

मालनबाईंनी ताटलीत वडी वाढली. बाहेरून कुरकुरीत होती, आतला सांबार हिरवागार. लक्ष्मणरावांनी ती मोडून खाल्ली आणि आणखी एक मागितली.